आठवड्याला हजार की एकदम दहा लाख?

सगळ्यात आधी ते तिकीट देव्हाऱ्यातून बाहेर काढा. तुम्ही लिहिलंय की गणपतीच्या मूर्तीखाली ठेवलंय आणि रोज तिन्हीसांजेला तिथे निरांजन लागतं. भावना पोचली. पण लॉटरीचं तिकीट थर्मल कागदावर छापतात, दुकानातल्या पावतीसारखं. ऊब लागली की काळं पडतं, तेलाचा हात लागला की अक्षरं उडायला लागतात. दोन्ही बाजूंचे फोटो काढा, मागे वहिनींची सही घ्या (तुमची नको, कारण खाली येईल), झिपलॉकच्या पिशवीत घाला आणि बँकेच्या लॉकरमध्ये ठेवून या. मग चहा घेऊन पुढचं वाचा.

इतरांसाठी प्रश्न थोडक्यात सांगतो. हे न्यू जर्सीतल्या एडिसनचे गृहस्थ, वय ४७, अमेरिकन नागरिक. वहिनी ४४ वर्षांच्या, ग्रीन कार्डवर. दोघांचा मिळून पगार वर्षाला १,८०,००० डॉलर. मुलगी अकरावीत, मुलगा सातवीत. वहिनींनी गॅस स्टेशनवर सहज म्हणून 'कॅश फॉर लाइफ' या लॉटरीचं तिकीट घेतलं. पाचही आकडे जुळले, फक्त कॅश बॉल हुकला. म्हणजे दुसरं बक्षीस: आयुष्यभर आठवड्याला १,००० डॉलर, नाहीतर एकरकमी १० लाख डॉलर. पुण्याचे वडील राज्य सरकारच्या नोकरीतून निवृत्त, ते म्हणतात, 'हातात आलेलं खरं, एकदम घे.' मेव्हणा म्हणतो, हप्तेच घ्या. पाच-सात वर्षांनी पुण्याला परतायचा विचारही डोक्यात आहे.

मी न्यू जर्सीत २२ वर्षं सीपीए (इथला सीए) म्हणून काम करतोय. एवढ्या वर्षांत लॉटरी लागलेली पाच-सहा माणसं माझ्या टेबलासमोर बसली असतील. त्यांत पॉवरबॉलवाला, म्हणजे अब्जावधींच्या जॅकपॉटचा, एकही नाही, ती मंडळी मॅनहॅटनच्या वकिलांकडे जातात. माझ्याकडे येतात ते तुमच्यासारखे, मधल्या बक्षिसाचे. आणि गंमत म्हणजे निर्णय तुमचाच जास्त अवघड असतो.

इंटरनेटवर जे सल्ले मिळतात ते जवळजवळ सगळे जॅकपॉटचे असतात, म्हणून आधी ते बाजूला करू. पॉवरबॉलचे हप्ते ३०, दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढणारे. जानेवारी २०१६ मध्ये जॅकपॉट १.५८६ अब्ज डॉलर होता आणि रोख रक्कम ९८.३५ कोटी, म्हणजे ६२ टक्के. नोव्हेंबर २०२२ मध्ये जॅकपॉट २.०४ अब्ज, रोख ९९.७६ कोटी, म्हणजे जेमतेम ४९ टक्के. 'सरकारने अर्धे खाल्ले' असं लोक म्हणतात, पण तसं काही नाही. तिजोरीत खरी रक्कम रोखीएवढीच असते. ती रोख्यांत गुंतवून ३० हप्त्यांत किती होईल तो आकडा पाटीवर लावतात. २०२२ मध्ये व्याजदर चढले, पाटीवरचा आकडा फुगला, इतकंच. आणि कराचं म्हणाल तर जॅकपॉटवाल्याने रोख घ्यावी नाहीतर हप्ते घ्यावेत, जवळपास सगळं कराच्या सगळ्यात वरच्या, ३७ टक्क्यांच्याच पायरीवर. त्याच्यासाठी कर हा मुद्दाच उरत नाही.

तुमच्यासाठी मात्र कर हाच मुख्य मुद्दा आहे. १० लाख आणि ५२,००० यांची तुलना करून बहुतेक जण १० लाखांना ५२ हजारांनी भागतात, १९ वर्षं काही महिने येतात, आणि 'वीस वर्षं थांबायचं कशाला' म्हणून मोकळे होतात. त्या भागाकारातले दोन्ही आकडे तुमच्या हातात येणारच नाहीत.

२०२५ च्या दरांनी, तुम्ही दोघं एकत्र रिटर्न भरता असं धरून, मी हिशेब केला. पगारातून ३१,५०० ची स्टँडर्ड वजावट गेली की करपात्र उरतात १,४८,५००. त्यावर हप्त्याचे ५२,००० आले की होतात २,००,५००. बावीस टक्क्यांची पायरी २,०६,७०० पर्यंत आहे, म्हणजे अख्खा हप्ता २२ टक्क्यांतच बसला. फेडरल (म्हणजे केंद्राचा) कर ११,४४०. न्यू जर्सी १०,००० च्या वरच्या लॉटरीवर कर लावते. तुमच्या उत्पन्नाला तो ६.३७ टक्के, म्हणजे ३,३०० च्या आसपास. हातात राहिले वर्षाला ३७,२५०.

आता १० लाख त्याच वर्षात ओता. पहिले ५८,००० बावीस टक्क्यांत जातात, मग २४, मग ३२, मग ३५, आणि ७,५१,६०० ओलांडले की वरचे जवळपास चार लाख थेट ३७ टक्क्यांत. फेडरल कर भरतो साधारण ३,२६,५००. न्यू जर्सीचा दरही चढत चढत १०.७५ टक्क्यांपर्यंत जातो, तो ८४,५००. एकूण ४,११,०००. हातात ५,८९,०००.

म्हणजे तुमचा खरा प्रश्न असा आहे: आज ५,८९,००० घ्यायचे, की वहिनी असेपर्यंत दरवर्षी ३७,२५०? भागून बघा, १५.८ वर्षं. खेळाच्या नियमात किमान २० वर्षं हप्ते मिळण्याची हमी आहे. वहिनींना काही झालं तर उरलेली वर्षं वारसांना मिळतात. वीस वर्षांच्या पुढे मात्र त्या जितकी वर्षं जगतील तितकीच.

इथे एक खड्डा दाखवून ठेवतो, कारण यात माणसं पडलेली मी पाहिलीत. एकरकमी घेतली की लॉटरीवाले २४ टक्के फेडरल आणि ८ टक्के राज्याचे कापून ६,८०,००० चा चेक देतात. माणसाला वाटतं कर भरून झाला. माझ्याकडे एक जोडपं मार्चमध्ये आलं, दाराशी नवी गाडी, तळघराचं काम अर्ध्यावर, मुलाच्या कॉलेजचं वर्ष भरलेलं. मी फॉर्म डब्ल्यू-टूजी (बक्षिसाचा आणि कापलेल्या कराचा दाखला) बघून सांगितलं की १५ एप्रिलपर्यंत अजून नव्वद हजार भरायचेत. त्या बाईंनी डोळ्यांवरचा चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि बराच वेळ बोलल्याच नाहीत. तुमच्या बाबतीत हा फरक ९१,००० येतो. दंड लागणार नाही, कारण कापलेला कर आधीच्या वर्षाच्या कराच्या ११० टक्क्यांपेक्षा कितीतरी जास्त असेल. पण रक्कम तर भरावी लागणारच.

वडिलांच्या मताबद्दल. ते चुकीचं सांगत नाहीत, त्यांच्या अनुभवाचं सांगतायत. निवृत्त होताना त्यांनीही बहुधा पेन्शनचा ४० टक्के भाग विकला असेल. राज्य सरकारात ५८ व्या वर्षी ८.३७१ चा गुणक लागतो, म्हणजे विकलेल्या भागाचे साधारण १०० महिन्यांचे पैसे एकदम मिळतात आणि १५ वर्षांनी तो भाग पुन्हा चालू होतो. पण त्यात एक मोठी गोष्ट अशी की सरकारी कर्मचाऱ्याला मिळणारी ती एकरकमी पूर्ण करमुक्त असते. त्यांनी घेतली आणि अख्खी घरी आली. तुमच्या एकरकमीतले दहातले चार भाग दारातच जातात. त्यांना फोनवर एवढंच सांगा, त्यांना लगेच कळेल. पेन्शनवाल्यांना हिशेब समजतो.

आता गुंतवणुकीची बाजू. ५,८९,००० तुम्ही गुंतवले आणि दरवर्षी ३७,२५० काढत गेलात, तर हप्त्यांशी बरोबरी करायला किती परतावा लागेल? वीस वर्षांत संपवायचे असतील तर कर जाऊन २.४ टक्के पुरे. तीस वर्षं चालवायचे तर पावणेपाच टक्के. ४४ वर्षांच्या बाईला सरासरीने अजून ३७-३८ वर्षं आहेत असं इथले आयुर्मानाचे तक्ते सांगतात. ३८ धरली तर साडेपाच टक्के, कर जाऊन.

दहा वर्षांच्या ट्रेझरीवर (अमेरिकन सरकारच्या रोख्यावर) २०२५ मध्ये चार-साडेचार टक्के मिळत होते. न्यू जर्सी त्या व्याजावर कर लावत नाही ही चांगली गोष्ट, पण फेडरल जाऊन राहतात तीन-साडेतीन. म्हणजे सुरक्षित जागी ठेवून तुम्ही आयुष्यभराच्या हप्त्यांना गाठू शकत नाही. शेअर बाजारात गाठू शकता, तेही ऐतिहासिक सरासरीने आरामात. इथे प्रामाणिकपणे कबूल करतो: इंडेक्स फंडात सगळे टाकले, तीस वर्षं त्याकडे ढुंकून पाहिलं नाही, तर एकरकमी जिंकण्याचीच शक्यता जास्त.

पण तसं कोण करतं? २००८ मध्ये एस अँड पी ५०० (इथल्या पाचशे मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक) एका वर्षात लाभांश धरूनही ३७ टक्के पडला. माझे एक अशील, अतिशय हुशार माणूस, आयआयटीचे, मार्च २००९ मध्ये सगळं विकून मोकळे झाले. बाजार नेमका त्याच महिन्यात तळाला होता. पुन्हा आत शिरायला त्यांना चार वर्षं लागली. पगाराच्या बचतीत हे चालून जातं. लॉटरीच्या पैशावर तर घरातल्या प्रत्येकाची नजर असते. मुलीचं कॉलेज, पुण्याचा फ्लॅट, भावाचं कर्ज, मंडळाच्या गणेशोत्सवाची स्पॉन्सरशिप. पाच लाख एकोणनव्वद हजार ही रक्कम अशी आहे की मोठी वाटते पण आयुष्य बदलत नाही, आणि म्हणूनच ती सगळ्यात लवकर संपते.

हप्ते घेतलेत तर मी एक गोष्ट लगेच करायला लावीन. दोघांच्या फोर-ओ-वन-के मध्ये (नोकरीतल्या निवृत्ती खात्यात) पूर्ण मर्यादेपर्यंत भरा, २०२५ साठी ती प्रत्येकी २३,५०० होती. पगारातून जास्त कापले गेले की घरात येणारा पैसा कमी होतो, तो खड्डा हप्त्याने भरून निघतो. वरून करपात्र उत्पन्न खाली येतं. आणि महत्त्वाचं म्हणजे हप्ता हा तुमचा रोखा समजा. घरात आयुष्यभराचा एवढा मोठा रोखा असताना फोर-ओ-वन-के मध्ये वेगळे बाँड फंड ठेवायची फारशी गरज नाही, तिथे शेअर वाढवता येतात. म्हणजे बाजाराचा फायदा घ्यायला एकरकमीच घ्यावी लागते असं नाही. बाजार पडला तरी पोट भरणारे पैसे दुसरीकडून येतायत, त्यामुळे विकायची घाई होत नाही.

घराचं कर्ज फेडून टाकायची वहिनींची इच्छा आहे असं लिहिलंय. २०२१ चं २.८७५ टक्क्यांचं कर्ज फेडण्यासाठी ३७ टक्क्यांच्या पायरीवर जाऊन पैसे उचलायचे? माझ्या डोळ्यांदेखत तरी नको. ते कर्ज ही तुम्हाला लागलेली पहिली लॉटरी होती.

हप्त्यांची खरी कमजोरी महागाई आहे. पॉवरबॉलसारखी ५ टक्के वाढ इथे नाही. आठवड्याचे १,००० हे १,००० च राहतात. महागाई ३ टक्के धरली तर तीस वर्षांनी त्यांची किंमत आजच्या ४१० डॉलरइतकी. म्हणून पहिल्या पंधरा वर्षांत जो हप्ता येईल त्यातला निदान अर्धा बाजूला पडला पाहिजे. सगळा खर्चात मुरला तर साठीनंतर तो तोकडा वाटायला लागेल.

दुसरी भीती लोक विचारतात, लॉटरी बुडाली तर? बुडालेली मला माहीत नाही, पण उशीर झालेला माहीत आहे. २०१५ मध्ये इलिनॉयमध्ये अर्थसंकल्प अडला तेव्हा २५,००० डॉलरच्या वरची बक्षिसं महिनोन्महिने थांबली, पुढे ६०० च्या वरचीही. त्यात एकरकमीवालेही अडकले होते, त्यामुळे हा मुद्दा मी कुठल्याच पारड्यात टाकत नाही.

मग पुणे. मलाही आधी वाटलं होतं की परतीच्या विचाराने चित्र पूर्ण पालटेल. वहिनी ग्रीन कार्ड सोडून परतल्या तर अनिवासी परदेशी म्हणून अमेरिका हप्त्यातून सरळ ३० टक्के कापेल, दोन देशांतल्या करारात लॉटरीला सूट नाही. नागरिकत्व घेऊन परतल्या तर अमेरिकेचा कर नेहमीच्या पायऱ्यांनी लागेल. पण पुण्यात दोन-तीन वर्षांनी तुम्ही पूर्ण निवासी झालात की भारत लॉटरीवर ३० टक्के लावतो, वर उपकर, आणि अमेरिकेत भरलेल्या कराचं श्रेय देतो. म्हणजे कुठल्याही वाटेने गेलात तरी एकूण ३१ टक्क्यांच्या आसपास थांबता. वर न्यू जर्सी आपला वाटा सोडत नाही, कारण बक्षीस तिथलं. लॉटरी लागली तेव्हा तुम्ही भारतात अनिवासी होता, सबब पुढचे हप्ते तिथे करपात्र नाहीत, असा युक्तिवाद एखादा सीए करेल. करू दे. मी हिशेबात वाईटातलं वाईट धरतो, आणि तसं धरूनही ३७,२५० चे साधारण ३५,००० होतात, अधिभार लागला तर आणखी थोडे कमी. एवढ्या फरकाने माझं मत बदलत नाही. उलट २००५ मध्ये डॉलर ४४-४५ रुपयांना होता, २०२५ मध्ये ८५ च्या पुढे गेला. पुण्यात बसून डॉलरमध्ये पेन्शन घेणाऱ्याला महागाईची तक्रार एडिसनवाल्यापेक्षा कमीच असते. फक्त ग्रीन कार्ड आठ वर्षांच्या आसपासचं किंवा त्याहून जुनं असेल तर ते परत करण्याआधी माझ्यासारख्या कुणाला तरी भेटा, तिथे वेगळा कर दबा धरून बसलेला असतो.

(ही चर्चा वाचून भारतातून वेबसाइटवर अमेरिकेची तिकिटं काढायचा मोह कुणाला होत असेल तर: फेमाच्या (परकीय चलनाच्या कायद्याच्या) नियमांनुसार लॉटरीच्या तिकिटासाठी परदेशी पैसे पाठवायला मनाई आहे.)

आता सहीचं कारण. आयुष्यभर म्हणजे जो दावा करतो त्याचं आयुष्य. कर एकत्र रिटर्नमुळे तेवढाच, पण वहिनी तुमच्यापेक्षा तीन वर्षांनी लहान आहेत आणि बायका तशाही जास्त जगतात. तिकीटही त्यांनीच घेतलंय. त्यामुळे सही त्यांचीच. ट्रस्ट किंवा एलएलसीच्या (छोट्या कंपनीच्या) नावाने दावा करा असा सल्ला कुणी दिला तर आधी लॉटरीच्या ऑफिसातून लेखी विचारून घ्या की मग 'आयुष्यभर' कुणाचं आणि किती वर्षं धरणार. नाव लपवण्यासाठी ट्रस्टची गरज नाही, जानेवारी २०२० च्या कायद्यापासून न्यू जर्सीत विजेत्याला निनावी राहता येतं. मंडळात तोंड बंद ठेवायची जबाबदारी तुमची.

दाव्यासाठी सोडतीपासून एक वर्ष आहे. निवड करायच्या मुदतीला मात्र हलकं घेऊ नका. हप्ते की रोख असा पर्याय समोर असला तरी सगळी रक्कम 'मिळाली' असं आयआरएसने (अमेरिकेच्या आयकर खात्याने) धरू नये म्हणून १९९८ मध्ये कायद्यात ६० दिवसांची सवलत घातली गेली. तुमच्या अर्जावर जी मुदत छापली असेल ती अक्षर न् अक्षर वाचा. ती उलटली की निवड बदलता येत नाही. उलट दिशेला एक फट आहे: हप्ते घेतल्यावर पुढे गरज पडली तर कोर्टाच्या परवानगीने विकता येतात. भाव मात्र पाडूनच मिळतो, आणि वीस वर्षांच्या पुढच्या, जिवावर अवलंबून असलेल्या हप्त्यांना जवळजवळ शून्य.

एवढ्या माहितीवर माझा कौल हप्त्यांकडे आहे. वय साठच्या पुढे असतं, किंवा घरात कुणाचं दुखणं असतं, किंवा २४ टक्क्यांचं क्रेडिट कार्ड तुंबलेलं असतं, तर मी उलटं सांगितलं असतं. पगार चार-पाच लाखांचा असता तरीही, कारण मग हप्ताही वरच्या पायरीवरच गेला असता आणि कराचा फायदा बराचसा आटला असता.

दोन गोष्टी तुम्ही लिहिल्या नाहीत आणि दोन्हींवर बरंच अवलंबून आहे. एक, वहिनींची तब्येत, आणि त्यांच्या आई-आजी किती वर्षं जगल्या. दुसरं, येत्या तीन-चार वर्षांत दोघांपैकी कुणी नोकरी सोडणार आहे का. ही उत्तरं आणि गेल्या वर्षीच्या १०४० (आयकर रिटर्नच्या फॉर्म) मधला करपात्र उत्पन्नाचा आकडा इथे टाका, नावं खोडून. मी हिशेब पुन्हा मांडून देतो.